दोन फळ्यांच्या दाराचं बटण

प्रिय ऋचा आणि ओम,

मी तुम्हाला मेसेज पाठवते आणि लगेच मागोमाग दुसरा पाठवते, "पोहोचलं का?" याला तुम्ही दोघं हसता. ओमने तर माझ्या वाढदिवसाला हेच दोन शब्द छापलेला कप पाठवला. कप पोहोचला. रोजचा चहा मी त्यातच घेते. पण ही सवय म्हातारपणाची नाही, धंद्याची आहे. ती कशी लागली ते एकदा नीट लिहून ठेवायचं मनात होतं. तेवढ्यात या अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या. मी म्हटलं, लिहीन, पण नातवंडांना लिहीन. वाचकांनी शेजारच्या खोलीतून ऐकावं. त्या म्हणाल्या, "चालेल, फक्त वेळेवर द्या." मला हे सांगावं लागणं हाच अपमान होता. लेख मुदतीआधी दिला आहे.

मी वेबपानं बनवत असे. तुमच्या आजोबांना माझ्या कामाचं नाव शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ते म्हणत, "ती कॉम्प्युटरवर चित्रं चिकटवते." हे अगदीच खोटं नव्हतं. एरंडवण्यात तीन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. आमच्याकडे पुण्यातले दुकानदार, क्लासवाले, डॉक्टर, बिल्डर येत. त्यांना 'नेटवर जायचं' असे. नेटवर जाऊन करायचं काय, हे विचारलं की बहुतेक जण शेजाऱ्याचं नाव सांगत. शेजारी गेला होता.

आता धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वेबपानावर फॉर्म असतो. नाव लिहा, पत्ता लिहा, काय हवं ते लिहा. खाली एक बटण असतं. ते दाबलं की तुम्ही लिहिलेलं सगळं दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरकडे जातं. न दाबलं तर ते तुमच्याच पडद्यावर बसून राहतं. म्हणजे पानावर कितीही नक्षी काढा, खरं काम ते बटण करतं. ब्राउझर स्वतःहून जे बटण देतो ते त्या काळी करडं आणि चौकोनी असे, सरकारी कपाटासारखं. ते कोणाही गिऱ्हाईकाला आवडत नसे. प्रत्येकाला तिथे चित्र हवं असे. आणि तशी सोय होती. फॉर्मच्या बटणाच्या जागी चित्र ठेवता येतं. चित्रावर टिचकी मारली की फॉर्म जातो.

एका मिठाईवाल्यांनी बटणाच्या जागी पेढा मागितला. मी पेढा दिला, सुंदर, वर पिस्त्याचा काप. फोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट तेव्हा इतकं हळू होतं, की गावोगावच्या गिऱ्हाइकांपर्यंत पेढा पोहोचतच नसे. त्याच्या जागी रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली दिसे. ते तणतणत आले. "बाई, सणासुदीला दुकानाच्या दारात फुली? लोक म्हणतात, पेढे संपले का?" मी त्यांना सांगितलं, चित्राला नाव द्या. चित्र आलं नाही तर निदान 'ऑर्डर पाठवा' अशी अक्षरं दिसतील. ते म्हणाले, "पेढ्याला नाव कशाला? पेढा दिसला की कळतं." मी म्हटलं, "दिसला की कळतं. दिसत नाही म्हणून तर तुम्ही इथे आलात." नाव दिलं.

वारज्याच्या एका बिल्डरांनी तर इमारतीचा अख्खा फोटोच बटण करून घेतला होता, दुसऱ्या कोणाकडून. लोक फोटो मोठा होईल या आशेने पोहण्याच्या तलावावर टिचकी मारत आणि न भरलेला फॉर्म निघून जाई. बिल्डर खूश. म्हणाले, "काय प्रतिसाद आहे बघा!" मी बघितलं. सगळे फॉर्म कोरे होते. तलावही पुढे झाला नाही, ते वेगळं.

या चित्रबटणाची एक खोड असते, ती नीट लक्षात ठेवा. साधं बटण फक्त 'दाबलं' एवढंच सांगतं. चित्राचं बटण त्याबरोबर दोन आकडे पाठवतं. चित्राच्या डाव्या कडेपासून किती आत आणि वरच्या कडेपासून किती खाली टिचकी पडली, ते. बहुतेकांना या आकड्यांचा उपयोग नसतो. काही हुशार लोक मात्र उपयोग शोधून काढतात.

असा एक हुशार माणूस लेलेकाकूंना भेटला होता.

लेलेकाकू नारायण पेठेत वधू-वर सूचक मंडळ चालवत. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मुलगा-मुलगी बोलणार, आतल्या खोलीत काकू बसणार, मधला पडदा अर्धा उघडा. भिंतीवर पाटी होती: "नकाराचे कारण विचारू नये. सांगू नये." या नियमावर मंडळाची अब्रू उभी होती. दुसऱ्या मंडळांत नकारानंतर रडारड, फोनाफोनी, "आमच्या मुलीत काय कमी होतं" वगैरे चाले. काकूंकडे नाही. नकार आला की दोन्हीकडच्या यादीतून समोरचं नाव निघून जाई. ज्याला नकार मिळाला त्याला एक ओळ जाई, "समोरून होकार नाही." विषय संपला. फोन नंबर काकू देत ते दोन्हीकडून होकार आल्यावरच, त्याआधी देवाने मागितला तरी नाही.

काकू काळाबरोबर चालणाऱ्या होत्या. उत्तरं वेबपानावरूनच द्यायची, असा नियम त्यांनी पुण्यात बऱ्याच जणांच्या आधी केला. पण 'नापसंत' हा शब्द मंगलकार्याच्या पानावर नको, म्हणून त्यांच्या भावाने एक चित्र काढून दिलं. जुन्या पद्धतीचं दोन फळ्यांचं दार, वर आंब्याच्या पानांचं तोरण. डावी फळी मिटलेली, उजवी उघडी, आत समई तेवते आहे. होकार द्यायचा तर उघड्या फळीवर टिचकी मारायची, नकार द्यायचा तर मिटलेल्या. आमच्या आधी त्यांचं पान बघणाऱ्या गृहस्थांनी त्या अख्ख्या दाराचं एकच बटण केलं. टिचकीचा आकडा चित्राच्या निम्म्यापेक्षा कमी आला तर नकार, जास्त आला तर होकार. गृहस्थ नंतर परदेशी गेले आणि पान माझ्याकडे आलं.

घेताना मी म्हटलं होतं, "काकू, या चित्राला नाव नाही. आणि दोन उत्तरांची दोन बटणं करू या."

"शैलाबाई, दाराला नाव कशाला? दार दिसतंय की. आणि दोन दारं केली तर घर कोणतं आणि गोठा कोणता?"

ते दार मंडळाच्या कार्डावर होतं, पाकिटांवर होतं. विषय तिथेच राहिला.

मग एके दिवशी दुपारी आमच्या ऑफिसात श्रीकांत देव आले. पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. कॉलेजात इतिहास शिकवत. लहानपणीच दृष्टी गेलेली. आमच्या शिपायाने खुर्ची ओढून दिली आणि त्यांचा दंड धरून बसवायला गेला. ते म्हणाले, "खुर्ची कुठे आहे एवढं सांगा. बसता मला येतं."

मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, "ताई, लेलेकाकूंच्या मंडळाचं पान तुम्ही बघता ना? ती पाटी मला ठाऊक आहे, वाचून दाखवली होती. मला नकारांची कारणं विचारायची नाहीत. मला एवढंच विचारायचंय, की माझे होकार जातात कुठे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे असं, की मी होकार दिला की ते स्थळ त्याच क्षणी यादीतून जातं. त्याच क्षणी. इतक्या लवकर माणूस नाही म्हणत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा नापास व्हायला तीन तास लागतात." ते जरा थांबले. "आणि ज्यांना मी नाही म्हणतो, ती स्थळं महिनोन्‌महिने यादीत बसून आहेत. त्यांना मी आवडलो म्हणायचं का?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

काही दिवसांपूर्वी मंडळात त्यांची एका मुलीशी भेट झाली होती. वैजयंती तिचं नाव. पुण्याजवळच्या मांजरी गावात एका प्रयोगशाळेत उसावर काम करणारी. "पहिल्या पाच मिनिटांत आम्ही पानिपतावर भांडलो," ते म्हणाले. "माझ्याशी कोणी भांडत नाही हो ताई. लोक मला रस्ता ओलांडून देतात आणि माझं सगळं बरोबर म्हणतात. ही म्हणाली, तुमचं चुकतंय. मी घरी गेलो आणि होकार दिला. आणि ती यादीतून गेली."

"तुम्ही मांजरीला जाऊन तिला विचारू शकला असतात."

"तिच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहिलेला माणूस मला व्हायचं नाही. तिने नाही म्हटलं असेल तर पाटीचा नियम मलाही लागू आहे. फक्त तिनेच म्हटलंय ना, हे मला माहीत हवं."

मी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता, त्याची सीडी ते सोबत घेऊनच आले होते. माउसचा त्यांना काय उपयोग? बाण कुठे आहे ते दिसत नाही. ते सगळं कीबोर्डवरून करत. टॅबची कळ दाबली की पुढच्या जागी जायचं, प्रोग्रॅम त्या जागेचं नाव सांगतो, एंटर दाबलं की ते बटण दाबलं जातं. मी त्यांच्यासाठी एक खोटं स्थळ उघडलं आणि म्हटलं, होकार द्या.

त्यांनी टॅब दाबत दाबत पान ओलांडलं. शेवटी तो यांत्रिक आवाज म्हणाला, "डार फायनल टू. बटण." चित्राला नाव नव्हतं, म्हणून तो बिचारा फाइलचं नाव वाचत होता.

"हेच," श्रीकांत म्हणाले. "एकच बटण. मी धरून चाललो, होकार द्यायचा असेल तर दाबायचं, नसेल तर सोडून द्यायचं." त्यांनी एंटर दाबलं.

ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत ते दोन आकडे दिसतात. मी वाकून बघितले. शून्य आणि शून्य.

मला समजायला एक क्षण लागला. एंटरची कळ चित्रावर कुठेच पडत नाही. मग डावीकडून किती, वरून किती, हे कॉम्प्युटर काय सांगणार? तो शून्य-शून्य पाठवतो. शून्य म्हणजे चित्राचा अगदी डावा, अगदी वरचा कोपरा. मिटलेली फळी. नकार. हा माणूस जितक्यांदा हो म्हणाला, तितक्यांदा त्याच्या नावाने त्याच क्षणी नाही गेलं होतं. आणि कोणी त्याला विचारलं नाही, कारण विचारायचं नाही अशी पाटी होती.

मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी काठीची मूठ फिरवली. मग म्हणाले, "म्हणजे तिला वाटतंय, मी नाही म्हटलं."

"हो."

"ताई, ते चालणार नाही."

"नाहीच चालणार," मी म्हटलं. "तुम्ही घरी जा. पुढचं माझ्याकडे."

मी मंडळात पोहोचले तेव्हा काकू पोळ्या करून नुकत्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, एकही तक्रार नाही."

"तक्रार करायची नाही अशी पाटी तुम्हीच लावली आहे."

"शैलाबाई, आलेला नकार परत उघडायचा नाही. एकदा उघडला की उद्या रांग लागेल. म्हणतील, आमच्याही मुलाचा हात चुकून पडला. आणि त्या मुलीचं रविवारी दुसरीकडे दुसऱ्यांदा बोलणं आहे. मंडळी चांगली आहेत. हे जमलं तर मला रात्री झोप लागेल. जमलेल्यात मी माती कालवणार नाही."

"तिला निवडायला एकच ठेवलंत, दुसरा तुमच्या दाराने खाल्ला."

"दाराला काही बोलू नका."

मी तुम्हाला नेहमी सांगते की आवाज चढवून काम होत नाही. मी आवाज चढवला नाही. उठले, त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा माउस उपटला आणि माझ्या पर्समध्ये टाकला.

"हे काय?"

"मंडळात खोटं स्थळ उघडलंय. तुम्ही होकार द्या. श्रीकांत देवांसारखा, कीबोर्डवरून. टॅब दाबत जा आणि शेवटी एंटर."

"मला येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"मुळीच नाही. म्हणून तर म्हणते, द्या."

काकूंनी चष्मा नाकावर घेतला आणि होकार दिला. पानावर नुसतं 'धन्यवाद' आलं. मी शेजारी मंडळाची नोंद उघडून दाखवली: नकार. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. पुन्हा दिला. पुन्हा नकार. मग खुर्ची पुढे ओढली, कळीवर बोट असं दाबलं, जणू दारावरची कडी वाजवतायत, आणि पुन्हा तेच आलं.

मी म्हटलं, "काकू, तुम्ही मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? मंडळ जुळवून देत नाही, जमवून देत नाही. इकडचं उत्तर तिकडे देतं, त्यात काना-मात्रा बदलत नाही."

"नाहीच बदलत. आजवर बदललेली नाही."

"बदललीत. त्यांनी हो म्हटलं आणि तुम्ही नाही कळवलंत."

काकूंनी चित्राकडे एकदा बघितलं. मग पदराने चष्मा पुसला, फोन ओढला आणि मांजरीचा नंबर फिरवला. ते बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. "वैजयंती का? मंडळातून लेले बोलतेय. नकाराचं कारण विचारत नाहीत आणि सांगत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मी सांगतेय. त्या देवांनी होकार दिला होता. नकार आमच्या दाराने दिला... नाही, दारानेच. हे बघ, ये इथे. फोनवर सांगण्यासारखं नाही."

तिने येण्याचं ठरवलं शनिवारी. म्हणजे रविवारच्या बोलण्याच्या आदल्या दिवशी.

मला नवी बटणं शनिवारच्या आत हवी होती. बांधायला फार वेळ लागत नाही, वेळ लागला तो काकूंना. आता दोन उत्तरांची दोन बटणं होणार आणि प्रत्येकाला नाव असणार, हे त्यांनी मानलं. पण नावं कोणती? 'होकार' आणि 'नकार' रुक्ष. 'पसंत' म्हटलं की 'नापसंत' आलंच. शेवटी भाजी निवडता निवडता काकूच म्हणाल्या, "भेटायला आलेली माणसं एकमेकांना काय म्हणतात? पुढे बोलू. आणि नाही जमत तर? इथेच थांबू." मी तेवढ्यात लिहून घेतलं. वाचणारा प्रोग्रॅम तेव्हा मराठी अक्षरं वाचत नसे, म्हणून स्थळांच्या यादीसारखीच ती नावंही मी इंग्रजी अक्षरांत घातली.

आणखी एक गोष्ट मी केली, ती कोणी मागितली नव्हती. बटण दाबल्यावर पुढच्या पानावर, मोठ्या अक्षरांत, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी इंग्रजी अक्षरांतही, जे पोहोचलं ते परत सांगायचं: 'आपले उत्तर पोहोचले. आपण म्हणालात: पुढे बोलू.' नुसतं 'धन्यवाद' नाही. धन्यवाद तर ते जुनं दारही म्हणत होतं.

शनिवारी वैजयंती आधी आली. थेट रानातून आली असावी, चपलांना माती होती. तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. ती ते झाकत नव्हती. काकूंनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"मला नकार नवीन नाहीत," ती म्हणाली. "डोळस माणसांचे नकार मला कळतात. पाटी नसती तरी मी कारण विचारलं नसतं. या सरांचा तेवढा कळला नव्हता. म्हटलं, ज्याला दिसत नाही त्यालाही मी नकोच असेन, तर मग काय राहिलं?"

काकूंनी मान फिरवली. भाऊ गेल्यावरसुद्धा त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या, असं त्याच मला अभिमानाने सांगत.

"पण फोनवर चूक झाली म्हणायला काय लागतं?" वैजयंती पुढे म्हणाली. "दयेने बोलावलं असेल तर मी चालले. रविवारचं बोलणं मी मोडलेलं नाही. त्यांनी उत्तर माझ्यासमोर द्यावं. काय द्यायचं ते त्यांनी ठरवावं, कोणी त्यांना काही शिकवायचं नाही."

जिन्यावर काठीचा आवाज आला. श्रीकांत आत आले आणि दारातच थांबले. खोलीत कोण कोण आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"रसद संपली म्हणून हरले, असंच अजून म्हणणं आहे का?" वैजयंतीने विचारलं.

त्यांचा चेहरा बदलला. "पुरावा तसाच आहे."

"पाणी सुटलं नाही म्हणून ऊस वाळला, तर दोष उसाचा का पाटकऱ्याचा?"

"पाटकऱ्याचा. पण वाळतो ऊसच."

"बसा," काकू म्हणाल्या. "पोहे आहेत. आधी काम."

श्रीकांत कॉम्प्युटरपुढे बसले. टॅब दाबत पान ओलांडलं. प्रोग्रॅम बोलत होता, नाव, शिक्षण, गाव. मग इंग्रजी वळणाचा तो आवाज म्हणाला, "इथेच तांबू. बटण." श्रीकांत थांबले नाहीत. पुन्हा टॅब. "पुडे बोलू. बटण."

त्यांचं बोट कळीवर थांबलं. "ताई, याला आता नाव आहे."

"आहे."

त्यांनी एंटर दाबलं. आम्ही सगळ्याजणी पडद्याकडे बघत होतो, पण त्या आवाजाने आमच्या आधी त्यांनाच सांगितलं, की त्यांचं उत्तर पोहोचलं आणि ते काय म्हणाले.

काकू पोहे आणायला आत गेल्या. मग वैजयंती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "सर, सरका जरा. माझं उत्तर राहिलंय." तिने टेबलावर हात फिरवला. "इथला माउस कुठे गेला?"

"शैलाबाईंच्या पर्समध्ये," काकू आतून म्हणाल्या. "त्यांनी तो अजून परत दिलेला नाही. तूही टॅबच दाब."

तिने टॅब दाबला. कोणतं बटण ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. माझी संपली नाही. शून्य-शून्य आलेली उत्तरं मंडळाच्या नोंदीत शोधायला सोपी होती, आणि ती एकट्या श्रीकांतची नव्हती. कोणी हाताने अधू होतं, कोणाच्या घरचा माउस बिघडला होता, कोणी नुसतेच कीबोर्डवर पटाईत होते. काकूंनी स्वतः प्रत्येकाला फोन केले. माझ्यावर सोपवले नाहीत. एका घरी मुलीच्या आईने शांतपणे सांगितलं, "लग्न झालं तिचं. सुखात आहे. पण तेव्हा ती आठवडाभर जेवली नव्हती, एवढं तुमच्या कानावर असू द्या." काकूंनी फोन ठेवला आणि बराच वेळ हात त्याच्यावरच ठेवून बसल्या. ते दुःख कुठल्या बटणाने परत घेता येत नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एखादी गोष्ट असते. तुमच्याकडेही होईल, ती विसरू नका.

त्यानंतर मी कोणतंही पान गिऱ्हाइकाला देण्याआधी माउस काढून पर्समध्ये टाकत असे आणि मग ते पान चालतं का ते बघत असे. आमच्या ऑफिसात याला 'शैलाबाईंची चोरी' म्हणत. आता निवृत्त झाले तरी सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीने पाण्याच्या टँकरसाठी नवं अ‍ॅप आणलं. त्यात बटणाच्या जागी नळाचं चित्र आहे, नाव नाही. मी चिटणीसांना सांगितलं. ते म्हणाले, "आजी, नळ दिसतोय की." मी दर सोमवारी त्यांच्याकडे जाते. ते आता मला बघून जिन्याने जातात. मीही जिन्याने जाते. नाव लागेल. आणि ऋचा, तू जे अ‍ॅप बनवते आहेस त्याचं पान मला पाठव. त्यातलं ते फुलपाखराचं बटण मी बघितलं आहे.

श्रीकांत आणि वैजयंती मांजरीच्या अलीकडे राहतात. अजून भांडतात. पानिपत संपलं, आता दुसरं काहीतरी चालू आहे.

काकूंनी ते दोन फळ्यांचं दार पानावरून काढलं, चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं. शेजारची पाटी मात्र काढली नाही. रंगाऱ्याला बोलावून तिच्याखाली एक ओळ वाढवून घेतली. त्या गेल्या, मंडळ बंद झालं, तेव्हा त्यांच्या पुतणीने मला विचारलं, यातलं काही हवंय का. दार तिने ठेवून घेतलं. पाटी माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे. व्हिडिओ कॉलवर माझ्या डोक्यामागे तुम्हाला तिचा फक्त कोपरा दिसतो, म्हणून सगळी इथे लिहिते:

"नकाराचे कारण विचारू नये. सांगू नये.
उत्तर पोहोचले का, ते मात्र विचारावे."